गाळाचा इतिहास आणि हाताची विद्या

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात बसलेला इतिहास पुष्कळदा सर्वांत शेवटी दिसतो. माझे तसेच झाले. सुएझ कालवा मी कॉलेजात काही वर्षे शिकवत आलो. १८५९ साली खोदाईला आरंभ, १८६९ साली उद्घाटन, लेसेप्स, खेदिव्ह इस्माईल, इंग्रज-फ्रेंच स्पर्धा, मग साम्राज्यवाद. टिपणे ठरलेली आणि विद्यार्थ्यांची उत्तरेही ठरलेली. आणि ज्या माणसाने आयुष्याची तीस वर्षे समुद्राच्या तळचा गाळ उपसण्यात घालवली तो माझा बाप शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेला असे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे मला कधी वाटले नाही. विद्यापीठाने मला जी दृष्टी दिली तिच्यात बापाचे काम ‘काबाडकष्ट’ या एका शब्दात संपत होते. आपल्या लेखनातही ते बहुधा तिथेच संपते.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, कोकणातल्या एका महारवाड्यातून मुंबईला आले आणि ड्रेजरवर खलाशी म्हणून लागले. ड्रेजर म्हणजे गाळ उपसणारे जहाज. तळाशी तोंड सोडायचे, पंपाने गाळ-वाळू पाण्यासकट ओढून घ्यायची आणि तरंगत्या पिंपांवर ठेवलेल्या लांबच लांब लोखंडी पाईपातून किनाऱ्यावर किंवा दूर नेऊन सोडायची. मुंबई बंदराचा गाळ मऊ असतो, पण कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. आणि वाळू लोखंड खाते. एकदा मी सहज विचारले, हे पाईप किती दिवस टिकायचे? दादा म्हणाले, “कोण वापरतो त्याच्यावर. वाळू पाईपाच्या तळानं जाते. तळ झिजतो, वरचा भाग नवाच्या नवा राहतो. नवीन माणूस भोक पडलं की पाईप फेकतो. आमचा सारंग महिना-दीड महिन्यानं पाईप तिसरा हिस्सा फिरवायचा. मग दुसरा भाग तळाला. परत तिसरा. एका पाईपाचे तीन पाईप झाले की नाही?”

मी गप्प राहिलो. कारण ही गोष्ट ऐकल्यावर इतकी सोपी वाटते की ती कोणाला तरी सुचावी लागली होती हे मनात येत नाही.

हा सारंग, म्हणजे खलाशांचा नाईक, रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान होता. दादा त्याला चाचा म्हणत. चाचा अक्षरशत्रू होता आणि त्याच्याइतका पंप कोणाला कळत नव्हता. तो पंपाजवळ जात नसे. पाईपावर अनवाणी पाय ठेवून उभा राही. पाईप थरथरतो कसा यावरून आत पाणी जास्त की वाळू जास्त हे सांगे. दगड शिरला तर आवाजावरून ओळखी. पंप बंद करायची वेळ आली की आधी तळाचे तोंड थोडे उचलायला लावी आणि काही मिनिटे नुसते स्वच्छ पाणी पाईपातून खेळवी. असे न करता पंप थांबवला तर पाईपात अर्ध्या वाटेवर असलेली वाळू जागच्या जागी बसते, बूच होते आणि मग दोन दिवस पाईप खोलत बसावे लागते. पाईपाला बारीक भोक पडले तर मऊ लाकडाची निमुळती खुंटी गोणपाटात गुंडाळून ठोकून देई. लाकूड पाणी पिऊन फुगते, भोक आपसूक बंद होते, आणि पाळी संपेपर्यंत काम चालते. खोली मोजायच्या शिशाच्या ओळंब्याच्या बुडाला खळगा असतो. त्यात चरबी भरली की तळाचे काय ते चिकटून वर येते, वाळू आहे, शंख आहेत की निळा चिखल. ही शेवटची युक्ती जगभरच्या खलाशांची शेकडो वर्षांची. चाचाने ती कोणत्या पुस्तकात वाचली नव्हती, त्याच्या चाचाने त्याला दाखवली होती.

दादा हे सगळे कसे शिकले? कोणी शिकवायला बसले नव्हते. चाचाच्या शेजारी उभे राहून ते शिकले. हा ‘शेजारी उभे राहणे’ शब्दप्रयोग मी मुद्दाम करतो, कारण माझा पुढचा सगळा प्रश्न त्याच्याभोवती फिरणार आहे.

पुढे एका तरुण साहेबाने पाईप फिरवण्याची ही रीत कागदावर मांडली. वरून शाबासकी आली, ती साहेबाला. दादांना त्याचे वाईट वाटले नाही, मला वाटले. दादांचे म्हणणे, साहेबाने निदान ऐकून तरी घेतले. बाकीचे ऐकतही नसत.

या संभाषणानंतर मी सुएझचे ग्रंथ पुन्हा काढले. या वेळी लेसेप्स बाजूला ठेवून गाळ कोणी कसा उपसला एवढेच शोधत गेलो.

भूमध्य समुद्राच्या काठी पोर्ट सैद येथे २५ एप्रिल १८५९ रोजी लेसेप्सने पहिली कुदळ मारली. तिथून दक्षिणेकडे कंतारापर्यंतचा सुमारे ४५ किलोमीटरचा पट्टा मेंझाला नावाच्या विस्तीर्ण उथळ सरोवरातून जातो. हे सरोवर म्हणजे नाईलच्या शतकानुशतकांच्या गाळाचे ताट. वर थोडे खारे पाणी, खाली लोण्यासारखा चिखल. युरोपातील अनेक तज्ज्ञांचे भाकीत होते की इथे कालवा होणारच नाही. कारण चिखल काढून बाजूला टाकला की तो बाजूला थांबत नाही, ओघळून पुन्हा चरात येतो. काठ उभा राहत नाही तिथे कालवा कसला? आणि यंत्र लावावे तर ड्रेजरला तरंगण्यापुरतेही पाणी नाही. ड्रेजरला आधी चर हवा आणि चर खणायला ड्रेजर हवा, असा हा पेच.

हा पेच कोणी सोडवला? मेंझालाच्या कोळ्यांनी. पिढ्यान् पिढ्या त्या सरोवरात मासे मारणारे, चिखलात उभे राहून जगणारे लोक. कालव्याच्या जुन्या वृत्तान्तांत त्यांची पद्धत सांगितलेली आहे. ते चरात रांगेने उभे राहत. वाकून दोन्ही हातांनी चिखलाचा मोठा लोंदा काढत आणि तो उघड्या छातीशी धरून दाबत. दाबताना त्यातले पाणी निथळून जाई. मग तो लोंदा दुसऱ्याकडे दिला जाई. काही जण हात पाठीमागे बांधून पाठीवरच त्याला आधार देत, आणि काठावर नेऊन टाकत. काठावर टाकताना ढीग करायचा नाही, थर द्यायचा. एक थर उन्हात वाळू द्यायचा, त्याला साय धरली की दुसरा थर. अशा रीतीने काठ उभा राहिला, आणि जो काठ राहणारच नाही म्हणून भाकीत होते तो राहिला. दोन काठांमध्ये जे पाणी साचले त्यावर मग ड्रेजर तरंगू लागले.

यंत्राला तरंगायला लागणारे पाणी माणसांनी छातीने करून दिले, ही गोष्ट मी कित्येकदा वाचली असेन आणि दरवेळी पुढे गेलो असेन. वृत्तान्त लिहिणारे तिच्याकडे गंमत म्हणून पाहतात: पाहा, किती आदिम पद्धत! आपल्यातला पुरोगामी इतिहासकार तिच्याकडे यातना म्हणून पाहतो: पाहा, किती अमानुष श्रम! दोघांनाही तिच्यात विद्या दिसत नाही. दादांना ही हकीकत वाचून दाखवली तेव्हा त्यांची पहिली प्रतिक्रिया वेगळी होती. ते म्हणाले, “बरोबर आहे. गाळात गाळ कमी असतो, पाणी जास्त. पाणी काढलं की गाळ उभा राहतो. ढीग घातला की आतलं पाणी आतच राहतं.”

मऊ माती भाराखाली का खचते व पक्की का होते याचे शास्त्र कार्ल टेर्झागीने १९२५ साली व्हिएन्नात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. मातीच्या कणांमधले पाणी जसजसे बाहेर पडते तसतशी माती आवळते आणि भार सोसू लागते. सगळा खेळ पाणी किती वेळात बाहेर पडते याचा. आधुनिक मृदयांत्रिकीचा हा पाया मानतात. टेर्झागीने त्याचे मूळ प्रयोग इस्तंबूलमधल्या रॉबर्ट कॉलेजात, टाकाऊ सामानातून उभ्या केलेल्या साधनांवर केले होते. त्याचा मोठेपणा मी कमी करीत नाही. किती पाणी, किती भार, किती दिवस, हे त्याने आकड्यांत सांगितले. मेंझालाच्या कोळ्याला ते सांगता येत नव्हते, आणि आकड्यांशिवाय धरण बांधता येत नाही. परंतु थर पातळ ठेवावा, निथळू द्यावा, वाळू द्यावा, मगच पुढचा थर घालावा, हे त्या कोळ्याला साठ-पासष्ट वर्षे आधी ठाऊक होते. त्याला ते ठाऊक होते असेच म्हटले पाहिजे. ‘अंगवळणी पडले होते’ असे म्हणून चालणार नाही. बैलाला वाट अंगवळणी पडते. माणूस थर वाळला की नाही हे बोटाने दाबून पाहतो आणि ठरवतो.

पुढे बोरेल आणि लाव्हाले या दोघा फ्रेंच अभियंत्यांनी मोठे ड्रेजर आणले. त्यांतल्या काहींना सत्तरेक मीटर लांबीची पन्हळ जोडलेली होती. ड्रेजर गाळ वर काढी, पंपाने त्यात पाणी मिसळून तो पन्हळीतून वाहता करीत, आणि काठापलीकडे दूरवर तो पसरत जाई. कालव्यातून सात कोटी घनमीटरहून अधिक माती निघाली, तिचा फार मोठा वाटा या यंत्रांनी काढला. ही पन्हळ आणि कोळ्यांचा पातळ थर यांत मला नाते दिसते: दोन्हींत गाळ काठाशी ढीग न घालता लांब, पातळ पसरून वाळायला सोडला आहे. अभियंत्यांनी ते कोळ्यांकडून घेतले असे मी म्हणत नाही. गाळ सगळ्यांना एकच धडा देतो एवढेच म्हणतो. फरक एवढाच की एका धड्याला पॅरिसच्या प्रदर्शनात जागा मिळण्याजोगे रूप आले आणि दुसरा छातीवर वाळून गेला.

आता दुसरी बाजू. हे कोळी आणि त्यांच्यामागून आलेले फेल्लाह, म्हणजे इजिप्तचे कास्तकार, स्वखुशीने आलेले सारेच नव्हते. १८५६ च्या सनदेनुसार कालव्यावरचे चार पंचमांश मजूर इजिप्शियन असावयाचे होते. त्याच वर्षीच्या मजूरविषयक हुकुमात रोजी ठरली: दिवसाला अडीच ते तीन पियास्तर आणि बारा वर्षांखालच्या मुलाला एक. बारा वर्षांखालच्या मुलाचा दर हुकुमातच लिहिलेला आहे, हे वाचून मी थांबलो होतो. १८६१ नंतर वेठ पूर्ण जोरात सुरू झाली. दरमहा वीसेक हजार माणसे कामावर, तितकीच वाटेवर येणारी आणि तितकीच परत जाणारी. अरबीत या वेठीला ‘सुखरा’ म्हणतात. मराठी कानाला त्यात सुख ऐकू येते हा भाषेचा क्रूर विनोद. इंग्रजांनी या वेठीविरुद्ध मानवतेच्या नावाने मोठा गहजब केला. पण त्याआधी थोडीच वर्षे अलेक्झांड्रिया-कैरो लोहमार्ग त्यांच्याच स्टीफन्सनच्या देखरेखीखाली वेठीच्याच मजुरांनी घातला होता. शेवटी १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनच्या लवादाने इजिप्तवर ८ कोटी ४० लाख फ्रँकची भरपाई लादली. त्यातले ३ कोटी ८० लाख केवळ वेठीचे मजूर यापुढे मिळणार नाहीत म्हणून! वेठ बंद झाल्याची नुकसानभरपाई वेठ लावणाऱ्या कंपनीला मिळाली. मजुराला काय मिळाले याचा लवादात उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. २६ जुलै १९५६ रोजी कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा करताना नासेर यांनी १ लाख २० हजार मजूर मेल्याचे सांगितले. हा आकडा इतिहासकारांत वादाचा आहे. परंतु नासेर यांना तो उच्चारावासा वाटला आणि लाखोंच्या जमावाला तो आपला वाटला, यालाही इतिहासात स्थान आहे.

तेव्हा येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या चळवळीतल्या मित्रांनी मला विचारलाही: वेठीवर आणलेल्या माणसाच्या कौशल्याचे कौतुक करणे म्हणजे वेठ सुसह्य करून दाखवणे नव्हे काय? गटारात उतरणाऱ्याला ‘त्याला गटाराचे फार ज्ञान आहे’ असे म्हणणाऱ्या लबाडाची आणि माझी भाषा एकच होत नाही काय?

आक्षेप खरा आहे. आपल्याकडे तर तो दुप्पट खरा आहे. जातिव्यवस्थेचे समर्थक हेच सांगत आले की प्रत्येक जातीला पिढीजात कसब असते, म्हणून प्रत्येकाने आपापले कसब सांभाळावे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात याला उत्तर दिले आहे: जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. पिढीजात कसबाच्या गौरवात ही उतरंड लपते. म्हणून कसबाचा गौरव करण्याआधी दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत: या माणसाला हे काम सोडून जाता येत होते का? आणि दुसऱ्याला याच्या शेजारी उभे राहून शिकता येत होते का?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या गिरण्यांनी दिलेले आहे. कापडखात्यात, विणकामावर, मजुरी चांगली होती. तिथे महार-चांभारांना घेत नसत. कारण काय? धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याचा ओठ लागलेल्या धोट्याला सवर्ण विणकर ओठ लावणार नव्हता. महार गिरणीत होता, पण कताईकडच्या कमी मजुरीच्या जागांवर. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. विणकाम काही वेदविद्या नव्हे. ते जुन्या विणकराच्या शेजारी उभे राहूनच शिकायचे. पण तिथे उभे राहायचीच बंदी होती. मराठी माणसाला एकलव्याची गोष्ट सांगावी लागत नाही. फक्त एवढेच लक्षात आणून द्यावेसे वाटते की अंगठा मागायलाही शिष्य आधी शिकलेला असावा लागतो. गिरणीने तिथवरही येऊ दिले नाही.

माझ्या वडिलांना ड्रेजरवर चाचाच्या शेजारी जागा मिळाली याचे कारण मला यात सापडते. चिखलाच्या कामावर विटाळ पाळायला कोणी शिल्लक राहत नाही. कोकणी मुसलमान सारंग आणि कोकणातला महार खलाशी एका ताटलीत जेवले, कारण त्या जहाजावर येऊन जागा बळकावण्याइतकी ती जागा कोणाला हवीशी नव्हती.

युरोपातले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. हॉलंडच्या झीलंड प्रांतात कोलाइन्सप्लाट नावाच्या गावी १८४२ साली योहानिस दे रेइके जन्मला. बाप शेतकरी आणि बांधबंदिस्तीवरचा मजूर. हॉलंड समुद्रसपाटीखालचा देश, तिथे बांधावर राबणाऱ्यांची मोठी जात आहे. जात म्हणजे वर्ग, आपल्या अर्थाने नव्हे. या लोकांची एक जुनी युक्ती अशी: मऊ तळावर दगड टाकले की ते चिखलात रुततात, बेपत्ता होतात. म्हणून विलोच्या बारीक फांद्या बांधून मोठी चटई करायची, ती पाण्यावर तरंगत नेऊन जागेवर आणायची आणि वर दगड रचून बुडवायची. चटई भार पसरवते, दगड रुतत नाही, प्रवाह तळ खणत नाही. दे रेइके हे काम हाताने शिकत वाढला. लेब्रेत नावाच्या एका जलअभियंत्याने त्या पोराची बुद्धी पाहिली आणि त्याला गणित व जलशास्त्र शिकवले. विद्यापीठाची पायरी तो चढला नाही. पण १८७३ साली जपान सरकारने डच अभियंते बोलावले त्यांत तो गेला, पदवीधरांपेक्षा खालच्या दर्जावर आणि कमी पगारावर. पदवीधर काही वर्षांनी परतले. हा सुमारे तीस वर्षे राहिला. ओसाकाजवळची योदो, नागोयाजवळची किसो, या नद्यांवर त्याने काम केले. विलोची चटई जपानी मजुरांना शिकवली, आणि प्रवाह वळवण्यासाठी नदीत काढलेल्या बंधाऱ्यांना जपानी लोक आजही डच शब्दावरून ‘केरेप्पू’ म्हणतात. पुढे १९०६ पासून शांघायच्या हुआंगपू नदीचा मार्ग खोल करण्याच्या कामावर तो मुख्य अभियंता होता. १९१३ साली तो वारला.

दे रेइके आणि मेंझालाचा कोळी यांच्यात बुद्धीचे किंवा कसबाचे अंतर होते असे मानायला मला आधार दिसत नाही. दोघांनाही मऊ तळाची नस कळली होती. एकाला लेब्रेत भेटला. दुसऱ्याला मुकादम भेटला. एकाचे पुतळे जपानात उभे आहेत, आणि दुसऱ्याच्या टोळीतल्या एकाचेही नाव आपल्याला वाचायला मिळत नाही.

आपल्याकडे, मुंबईतच, या अनुभवाकडे दुर्लक्ष झाले की काय होते याचा धडा बॅक बे भरणीत आहे. १९२० साली गव्हर्नर लॉइडच्या विकास खात्याने ११४५ एकर समुद्र भरून काढण्याची योजना हाती घेतली. बंदराच्या बाजूचा चिखल ड्रेजरने ओढून कुलाब्यावरून पाईपाने बॅक बेमध्ये सोडायचा आणि समुद्रभिंतीने तो अडवायचा. भिंत गळकी निघाली. पाण्याबरोबर चिखलही समुद्रात परत जाऊ लागला. खर्च चढत गेला, १९२६ मध्ये चौकशी समिती बसली, वीर नरिमन यांनी गैरकारभार चव्हाट्यावर आणला, त्यांच्यावर झालेल्या बदनामीच्या खटल्यातून ते सुटले. शेवटी ४४० एकरांच्या आसपास जमीन हाती आली, आणि तिचाही काही भाग कांदिवलीकडून आगगाडीने आणलेल्या मुरमाने कोरडा भरून घ्यावा लागला. पाणी जाऊ द्यावे आणि गाळ राहावा, हाच तो मेंझालाचा प्रश्न. टेर्झागीचा ग्रंथ निघाला त्याच काळात मुंबईत तो चुकत होता. याच विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळींतून आपली एक अख्खी पिढी वाढली, आणि १९७४ साली वरळीच्या दंगलीत तिने मारही खाल्ला. समुद्र भरताना कोट्यवधी रुपये वाहून गेले त्या खात्याने मजुराच्या खोलीला मात्र स्वतंत्र संडास परवडत नाही असे ठरवले होते.

जोतीरावांना गाळ कळत होता. ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, खडकवासल्याच्या कामाशी त्यांचा संबंध होता, आणि इंजिनिअरिंग खात्यातली भटशाही त्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त उघडी पाडली. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते सरकारला सुचवतात की पाणी जिरावे असे तालीवजा बंधारे घाला आणि नदीनाल्यांत, तळ्यांत साचलेला गाळ पूर्वीसारखा शेतकऱ्याला फुकट नेऊ द्या. यात ‘पूर्वीसारखा’ हा शब्द महत्त्वाचा. शेतकरी हे आधीपासून करीत होता. जोतीराव त्याला नवे काही शिकवत नव्हते, त्याच्याकडून शिकून सरकारला सांगत होते. साहेबाने दादांची युक्ती कागदावर मांडली आणि जोतीरावांनी शेतकऱ्याची. पण जोतीरावांनी ती आपली म्हणून मांडली नाही.

गेल्या वर्षापासून मी माझ्या विद्यार्थ्यांना एक काम देतो. त्यांतले बहुतेक माझ्यासारखे, घरातले पहिले शिकलेले. घरी जाऊन आई-बापाला विचारायचे. ‘तुम्ही किती सोसलेत’ हे विचारायचे नाही, ते आपल्याला ठाऊक आहे आणि ते सांगताना बाप गप्प होतो. ‘तुम्ही ते कसे करत होता’ हे विचारायचे, आणि चित्रासकट लिहून आणायचे. पहिल्या महिन्यात फारसे काही आले नाही. पोरांना लाज वाटत होती. मग एका मुलीने आईची कातडे भिजवायची रीत लिहून आणली, चुना किती आणि बोट लावून कसे पाहायचे यासकट, आणि वर्गात ती वाचताना तिचा आवाज कापत होता. एकाने वडिलांचे भट्टीचे काम आणले आणि शेवटी लिहिले की वडिलांनी हे सांगितले, पण मी हे काम करणार नाही असेही त्यांनीच सांगितले. मी दोन्ही वाक्यांना पूर्ण गुण दिले.

एका विद्यार्थ्याला दादांकडे पाठवले होते. त्याने पाईप फिरवण्याची रीत नीट लिहिली, जोडावर छिन्नीने खूण करायची म्हणजे कोणती बाजू आधी तळाला होती ते कळते, हेही टिपले. वही मी दादांना दाखवली. चष्मा लावून त्यांनी चित्र बराच वेळ पाहिले. पाईपाच्या जोडाच्या चकतीवर मुलाने बोल्टची आठ भोके काढली होती.

“आठ भोकांत तिसरा हिस्सा बसत नाही,” दादा म्हणाले. “चौथाच बसेल. त्याला सांग, बारा काढ.”